मदत हवी आहे: कॅरिबियनमध्ये खायचं काय?

रानवारा: पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या कामाला कॅरिबियनला चाललोय. तिथलं अस्सल काय खावं? हॉटेलातला बुफे नको. पटापट सांगा.

खादाडराव: जर्क चिकन! दुसरीकडे बघूच नका.

मीठभाकर: कॅरिबियन काय एक गाव आहे? बेट कुठलं? आणि व्हेज का नॉनव्हेज?

रानवारा: त्रिनिदाद, पोर्ट ऑफ स्पेन. व्हेज, अर्थात. अंडंही नाही.

खादाडराव: मग जर्क बाद, ते जमैकाचं. माराकासच्या किनाऱ्यावर बेक अँड शार्क हाणा.

मीठभाकर: शार्क व्हेज कधीपासून झाला हो?

दर्यावर्दी: मी तिथे नोकरीला होतो. सकाळी गाडीवर डबल्स खा. हळदीच्या पिठाच्या, तळलेल्या पण लुसलुशीत दोन पुऱ्या, त्यांना तिथे बारा म्हणतात. मध्ये छोल्यांचा रस्सा, चिंचेची चटणी, काकडी, कैरीचा कुचेला. कागदातच देतात, बोटांनी तोडून खायचं. गाडीवाला 'पेपर?' म्हणजे 'मिरची घालू का?' विचारेल तेव्हा 'स्लाइट', म्हणजे थोडीशी, म्हणा. कोल्हापूरची ऐट दाखवू नका, स्कॉच बॉनेट मिरची आहे ती. दुपारी बस-अप-शट: तव्यावरच कालथ्यांनी झोडून लक्तरं केलेला पराठा, सोबत भोपळा आणि चणा-बटाटा. सहीनाही बघा, अळूच्या पानांची भजी. कॅलालू नावाच्या पातळ भाजीतही अळूच, भेंडी आणि नारळाचं दूध घातलेलं.

अवखळ: एवढ्या लांब जाऊन छोले आणि अळू? हे स्थानिक कुठलं, आपलंच की.

दर्यावर्दी: भारतातून आलेल्या मजुरांचं पहिलं जहाज, फतेल रझाक, त्रिनिदादला १८४५ साली लागलं. त्यांची पोरंबाळं अजून पाहुणीच का? आणि तुमच्या बिहारात कुणी डबल्स विकताना दिसला तर कळवा.

जुना_कट्टा: पोर्ट ऑफ स्पेन म्हणजे क्वीन्स पार्क ओव्हल! १९७१, वाडेकरांची टीम, गावसकरांची पहिली कसोटी, आणि जिंकलो! मैदान बघितल्याशिवाय परतू नका.

रानवारा: काका, मैदान खाता येत नाही. कॅलालू नक्की व्हेज असतं का?

दर्यावर्दी: नेहमी नाही. खेकडा नाहीतर खारवलेलं डुकराचं मांस घालतात. 'नो क्रॅब, नो पिगटेल' असं आधीच विचारा, सगळे इंग्रजी बोलतात. पेलाव हा भाताचा प्रकार टाळा, तुरीचे दाणे दिसले तरी त्यात बहुतेकदा कोंबडी असते. सगळ्यात बिनघोर म्हणजे रास्ताफारी पंथाच्या लोकांची इटल (त्यांच्या पथ्याच्या जेवणाची) खानावळ, तिथे मांसाला थारा नाही. मीठही बेताचंच, कधीकधी अजिबात नसतं.

जुना_कट्टा: १९७६ ला तिथेच चौथ्या डावात ४०० च्या वर धावा काढल्या होत्या आपण.

खादाडराव: वाटेत जमैकाला उतरता येतं का बघा ना.