साप्ताहिक चर्चागटाला हजेरी आणि गुण लावू नका

रानपिंगळा
आमच्या विभागात परिसंस्था आणि उत्क्रांती या विषयांवरचा चर्चागट दर आठवड्याला जमतो. एक पेपर (शोधनिबंध) ठरतो, सगळे वाचून येतात, गोल करून तासभर बोलतात. हजेरी नाही, गुण नाहीत. आता सूचना आली आहे की याचा श्रेयांकाचा (क्रेडिटचा) विषय करा, हजेरी सक्तीची करा आणि प्रत्येकाच्या सादरीकरणाला गुण द्या. माझा याला ठाम विरोध आहे.

नोवाक, टार्निटा आणि ई. ओ. विल्सन यांनी २०१० मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात लिहिलं की मुंग्या-मधमाश्यांच्या समाजजीवनाचा उलगडा करायला नातलग-निवडीच्या सिद्धान्ताची (नातलगांना मदत केली की त्यांच्यातून आपलीच जनुकं पुढे जातात, हा हॅमिल्टनचा विचार) गरज नाही. २०११ मध्ये १३७ शास्त्रज्ञांनी एकत्र सह्या करून त्याला उत्तर दिलं. आम्ही हे दोन्ही लेख तीन आठवडे वाचत होतो. पहिल्या आठवड्यात जो तो मोठ्या नावांकडे बघून बाजू घेत होता. दुसऱ्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, "हॅमिल्टनच्या सूत्रात नात्याची जवळीक गुणिले लाभ हे किमतीपेक्षा जास्त हवं, इथवर कळलं. पण हा लाभ प्रत्यक्ष मोजायचा कसा?" खोलीत शांतता. प्राध्यापकांनाही चटकन सांगता येईना. तिसरा आठवडा त्या एका प्रश्नावर गेला आणि तेव्हा कुठे मला भांडणाचं मूळ दिसलं. समोर गुण देणारं कोणी बसलं असतं तर तिने तो प्रश्न विचारला असता असं मला वाटत नाही.

तळ्याकाठी
सहमत नाही. मोकळेपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. पहिली दोन वर्षं मी अशा गटात बसले आणि एकदाही तोंड उघडलं नाही. बोलायचे तेच चौघे: दोघे प्रबंधाच्या शेवटाला आलेले, एक पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारा), एक प्राध्यापक. नियम नसले की ज्याचा आवाज मोठा त्याचाच तास होतो. निदान गुण असले तर प्रत्येकाची पाळी येते, आणि पाळी आली की बोलावंच लागतं.

मुंगीमाग
गुणांचं राहू द्या, पण सक्तीची हजेरी आमच्यासारख्यांना कशी जमणार? माझे पक्षी वर्षातले चार महिने घरटी करतात, तेवढे चार महिने मी फील्डवर असतो. ते चुकले तर वर्ष गेलं. पीटर आणि रोझमेरी ग्रँट १९७३ पासून गॅलापागोसमधल्या डॅफ्नी मेजर बेटावर दरवर्षी जात राहिले म्हणून १९७७ च्या दुष्काळात काय झालं ते कळलं: मऊ बारीक बिया संपल्या, टणक मोठ्या उरल्या आणि जाड चोचीच्या फिंच (चिमणीएवढे पक्षी) जास्त जगल्या. पुढे १९८३ च्या एल निन्योच्या पावसानंतर बारीक बिया उदंड झाल्या आणि निवडीची दिशा उलटली. अशा कामात मोसम हातचा घालवून कोणी हजेरीपटावर सही करायला परत येणार नाही.

सूक्ष्मदर्शी
मी रानपिंगळाच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे. छापून आलेल्या पेपरची चिरफाड सोपी असते. स्वतःचं कच्चं काम मांडायला जागा लागते, आणि ती अशा गटाशिवाय कुठे मिळते?

बेडकाच्या पिल्लांवर मी प्रयोग केला होता. एका टाकीच्या पाण्यात ही पिल्लं खाणाऱ्या चतुराच्या अळीचा वास, दुसरीत नुसतं पाणी, प्रत्येकीत ४० पिल्लं. वासाच्या टाकीतली हालचाल कमी दिसली. माझ्या हिशेबाने नमुने ८०, फरक स्पष्ट. मी आलेख दाखवला आणि मागून कोणीतरी विचारलं, "टाक्या किती?" दोन. "मग नमुने दोनच." एक टाकी खिडकीजवळ असेल, पाणी अर्धा अंश गरम असेल, तर तो फरक वासाचा की उन्हाचा हे कसं सांगणार? हर्लबर्ट या परिसंस्था-अभ्यासकाने १९८४ मध्ये नेमकी हीच चूक दाखवून दिली होती. त्याने तपासलेल्या प्रयोगांपैकी २७ टक्क्यांत ती होती, आणि ज्यांनी सांख्यिकी चाचण्या लावल्या त्यांत ४८ टक्के. पुन्हा बारा टाक्या लावल्या, तीन महिने गेले. पण जर्नलकडे पाठवल्यावर ते कळलं असतं तर वर्ष गेलं असतं. गुणांची भीती असती तर तो आलेख मी दाखवलाच नसता.

तळ्याकाठी
तुमचा आलेख तुम्ही निभावलात. मी एक मुलगी बघितली आहे, पहिल्याच वर्षाला. वीस जणांसमोर तिच्या आकडेवारीवर असंच झालं. प्रश्न बरोबर होता, पण विचारण्याची तऱ्हा अशी की ती पुढच्या आठवड्यापासून आलीच नाही. त्या गटात कोणी तिला थांबवून विचारलंही नाही. अनौपचारिक गटात हे कोणाचंच काम नसतं.

जुनी वही
तुम्ही सगळे कोणते पेपर निवडता ते सांगाल का? मी गेलो त्या दोन्ही गटांत गेल्या महिन्यातलं सोडून काही वाचत नव्हते. केटलवेलने १९५० च्या दशकात ठिपकेदार पतंगांवर काम केलं आणि दाखवलं की काजळलेल्या झाडांवर फिकट पतंग पक्ष्यांना सहज दिसतात आणि खाल्ले जातात. पुढे टीका झाली की त्याने पतंग बुंध्यांवर ठेवले, ते एरवी तिथे फारसे बसत नाहीत. मग मायकेल मॅजेरसने सहा वर्षांत ४,८६४ पतंग सोडून तेच नव्याने तपासलं. २००९ मध्ये तो वारला, सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये निष्कर्ष छापले, आणि पक्ष्यांचा हात असल्याचं पुन्हा दिसलं. मूळ पेपर, त्यावरची टीका आणि नवा प्रयोग असे तीन आठवडे ओळीने वाचले तर टीका कशासाठी करायची ते नवख्यालाही कळतं, आणि कोणाच्या अंगावर जावं लागत नाही.

रानपिंगळा
तळ्याकाठी, त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही बोलणारे ठरलेले आहेत, हे मी मान्य करतो. पुढच्या आठवड्यापासून पहिले दोन प्रश्न सर्वांत नव्या सदस्यांचे आणि तोवर प्राध्यापकांनी गप्प बसायचं, असं सुचवणार आहे. प्रश्न आदल्या दिवशी नाव न घालता लिहून द्यायची सोयही करू. पण गुणांनी भीती जाते हे मला पटत नाही. ती मुलगी गुणांसाठी आली असती, बोलली मात्र नसती.

तळ्याकाठी
एक गोष्ट राहून गेली. पेपर नीट वाचायला, पुरवण्यांसकट, माझे पाच-सहा तास जातात. माझे गाइड म्हणतात, "तेवढ्यात एक जेल (प्रयोगशाळेतली डीएनए किंवा प्रथिनं वेगळी करायची चाचणी) झाली असती." हा गट कागदावर कुठेच नाही म्हणून मला तिथे जायला परवानगी मागावी लागते. श्रेयांक असेल तर ती मागावी लागणार नाही. तुमचे गाइड स्वतः गटात येऊन बसतात, म्हणून तुम्हाला हा प्रश्न कधी पडला नसेल.

रानपिंगळा
नाही पडला. श्रेयांक घ्या, पण नुसती उपस्थितीची नोंद म्हणून, फील्डवरच्यांना सूट देऊन. सादरीकरणाच्या गुणांना माझा विरोध तसाच आहे.

तळ्याकाठी
आणि गुण नसतील तर पाळी न चुकता लागते आहे की नाही हे कोण बघणार, तेही लिहा. तोवर मी सूचनेच्या बाजूने आहे.