जिवंत ऊतींच्या चित्रीकरणात ऑटोफोकसवर कितपत विसंबावं?

पेशीवेडा:
झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणाचं सूक्ष्मदर्शकाखाली रात्रभराचं चित्रीकरण लावून गेलो. सकाळी पाहतो तर मध्यरात्रीनंतर शेपटीकडचं सगळं धूसर. ऑटोफोकस मात्र रात्रभर 'फोकस पक्का' असंच दाखवत होता! आणि त्याच्या परीने ते खरंच होतं. तो अवरक्त किरण डिशच्या काचेवर टाकतो, परत आलेला प्रकाश मोजतो आणि काच व लेन्स यांतलं अंतर राखतो. एसीमुळे खोलीचं तापमान हललं की स्टेज (डिश ठेवायचा मंच) मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने, सरकतं, ते तो छान सावरतो. पण भ्रूण वाढतो, लांबतो, वळतो. काच जागेवर, ऊती भलतीकडे. म्हणून माझं मत ठाम आहे: फोकस प्रतिमेतच शोधायला हवा, म्हणजे थोडं वरखाली काही फ्रेम घेऊन सर्वांत तीक्ष्ण कोणती ते पाहून. सूक्ष्मदर्शक-संशोधक फिलिप केलर यांच्या गटाने २०१६ मध्ये लाइट-शीट सूक्ष्मदर्शकावर हे करून दाखवलंय.

मंदप्रकाश:
अजिबात पटत नाही. लाइट-शीटमध्ये फक्त एक पातळ थर उजळतो, म्हणून तिथे परवडतं. आपल्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात लेसर ऊतीच्या सगळ्या जाडीतून जातो; तिथे फोकस शोधायला दर वेळी दहा जादा फ्रेम धरा. दर दोन मिनिटांनी, दहा तास, म्हणजे ३,००० वेळा जादा लेसर! लेसरखाली चमकणाऱ्या पेशींची चमक विझते ती विझतेच, पेशीही आजारतात. मग आपण नेमकं काय चित्रित करतोय, वाढ की इजा? शिवाय तीक्ष्णतेचं गणित काळ्या रंगकणांवर किंवा बुडबुड्यावर जाऊन बसतं. काच धरून ठेवा, जाड स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या थरांचा गठ्ठा) घ्या, थर नंतर निवडा.

पेशीवेडा:
स्टॅक काय फुकट येतो? ६० मायक्रॉन, दर दोन मायक्रॉनला एक थर, म्हणजे ३१ फ्रेम. तुमच्या दहापेक्षा तिप्पट.

ठोका:
तुम्ही दोघं सावकाश सरकणाऱ्या ऊतींबद्दल बोलताय. मी दोन दिवसांच्या भ्रूणाचं हृदय चित्रित करते, सेकंदाला दोन-तीन ठोके. तिथे ऑटोफोकस कायम मागेच राहतो. मी तो बंद ठेवते. एकेका थराचे बरेच ठोके वेगवान कॅमेऱ्याने टिपायचे आणि मग ठोक्याच्या टप्प्यानुसार थर जुळवायचे.

पेशीवेडा:
हृदयाचं मान्य. बाकीसाठी शोध मंद लाल प्रकाशात घ्यावा, लेसर फक्त अंतिम फ्रेमला. मग इजेचा मुद्दा उरत नाही.

मंदप्रकाश:
लाल प्रकाशात ठळक दिसते ती भ्रूणाची कड. चमकणाऱ्या पेशी तिच्याखाली खोलवर, आणि ते अंतरही वाढीबरोबर बदलतं. ते कसं मोजणार, तेही लेसर न लावता?