केकी मूस कलादालन : धुळ्याहून एका दिवसात मुलांना नेमकं काय दाखवावं?

कुंचला_धुळे
एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची १५ मुलं चाळीसगावला, छायाचित्रकार केकी मूस यांच्या कलादालनात न्यायची आहेत. तिथं छायाचित्रं, चित्रं, शिल्पं सगळंच आहे. भर कशावर द्यावा? त्याच दिवशी पाटणादेवीचं मंदिर होईल का? काचेमागच्या फोटोंवर चकाकी येते, तिला उपाय?

गिरणाकाठ
सर, पाटणादेवी वेगळ्या दिवशी ठेवा. चाळीसगावपासून सुमारे १८ किमी, वाहन करावं लागतं आणि दोन्हीकडे घाई होते. कलादालन स्टेशनजवळच, धुळ्याच्या गाडीतून उतरून चालत जा. आधी फोनवर वेळ आणि फोटोची परवानगी विचारा. मूस यांचं राहतं घरच ते, एकदम १५ जण आत गेले तर मागच्यांना काही दिसत नाही. सात-आठचे दोन गट करा. बाहेरचा गट स्केचिंग करील.

छायाप्रकाश
भर टेबल-टॉपवरच द्या, म्हणजे टेबलावर मांडलेल्या देखाव्यांच्या छायाचित्रांवर. पंजाब मेलने येणाऱ्या प्रेयसीची वाट पाहत राहिलेले मूस, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. पण मूस (१९१२–१९८९) मोठे ठरतात ते टेबलावरच्या चिमुकल्या वस्तूंतून अख्खा देखावा उभा करण्यात, आणि ते मुलांना कुणी समजावून सांगत नाही.

आधी सहा-सात फुटांवरून बघायला सांगा, देखावा खरा वाटतो. मग जवळ जाऊन सावल्या तपासा. खऱ्या उन्हात सावल्या एकाच दिशेला पडतात. टेबलावर दुसरा दिवा आला की दुहेरी सावली पडते आणि बिंग फुटतं. दुसरी कसोटी देखाव्याच्या खोलीची, म्हणजे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं का याची. कॅमेरा वस्तूजवळ नेला की पुढचं-मागचं धूसर होतं, म्हणून भिंगाचं छिद्र एफ २२ इतकं बारीक करून एक्स्पोजर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) लांबवावं लागतं.

शाळेत करून बघा : गव्हाच्या पिठाचा बर्फ, बाभळीच्या काटक्यांची झाडं, बाजूने एकच बल्ब. धूसर होऊ नये म्हणून मोबाइल हात-दीड हात लांब ठेवा, नंतर कडा कापा. पीठ चाळून घ्या, गुठळी राहिली तर बर्फात धोंडा दिसतो!

काचेपलीकडे
चकाकीचं : फ्लॅश बंद. समोरून उभं राहिलात तर तुमचाच पांढरा शर्ट काचेत उमटतो, त्यामुळे गडद कपडे घाला किंवा मोबाइलमागे काळं कापड धरा. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) समोरून निरुपयोगी; बाजूला सरकून काचेच्या लंबाशी साधारण ५५ अंशांत धरला तरच प्रतिबिंब मरतं. चौकट तिरकी येते, ती मोबाइलमध्ये सरळ करा.

कुंचला_धुळे
आभार. काळं कापड आणि दोन गट, दोन्ही नक्की. पिठाचा प्रयोग सहलीआधीच्या शनिवारी घेतो, म्हणजे मुलं सावल्या शोधतच आत शिरतील.