जुन्या ओम्नीत टेप मध्येच बंद पडतो, घड्याळही पुसलं जातं

खानापूरकर: २००४ ची ओम्नी आहे. जांबोटीकडनं चोर्ला घाटाला लागलं, चाक खड्ड्यात गेलं, की टेप गप्प. जरा वेळानं आपला आपण चालू होतो, पण घड्याळ १२ वर आणि स्टेशनं सगळी गायब. आवाज वाढवला तरी तसंच. रात्री हेडलाईट लावला की डिस्प्ले मंद. फ्यूज शाबूत, बॅटरी नवीच. वायरमन म्हणतोय नवा सेट घ्या. घेऊ काय?

ऑटोनगरवाला, बेळगाव: पैसे खिशातच ठेवा की ओ. डिस्प्लेचं सोडा, बऱ्याच सेटला केशरी वायर असते, हेडलाईटबरोबर तो मुद्दाम मंद होतो. खरी खूण घड्याळाची. चावीवरची लाल वायर ढिली असती तर सेट बंद झाला असता, पण घड्याळ टिकलं असतं. ते पुसलं जातंय म्हणजे कायम करंटची पिवळी तरी सुटतीय, नाहीतर काळी, म्हणजे अर्थ, गाडीच्या पत्र्याला स्क्रूनं आवळलेली.

माझा संशय अर्थवर. खानापूरच्या पावसात पत्रा गंजणारच, त्यात फिटरनं स्क्रू रंगावरच आवळलेला असतो. इंजिन चालू, आवाज मोठा. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सेटच्या काळ्या वायरीला. ०.२ च्या आत पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला की चोर सापडला. पत्रा चकाकेपर्यंत घासा, वायरीला रिंग टर्मिनल (स्क्रूत बसणारी गोल कडी) मारून आवळा, वरनं ग्रीस.

पिवळीचा सांधा नुसता पिळून टेप गुंडाळलेला असेल तर तोही सोल्डर करा. आणि फ्यूज उडाला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका, आग लागते. हे लोक अजून करतात!

निपाणीकर: जुन्या गाडीत रंगावर भरवसा ठेवू नका. आमच्या सुमोत लाल-पिवळी उलटी जोडली होती, चावी काढली की घड्याळ पुसायचं. चावी बंद करून टेस्टर लावा, पेटला ती कायमची.

खानापूरकर: मीटरवर ०.९ आला! स्क्रूखाली रंग, त्याच्याखाली तांबेरा. घासून रिंग मारली, आता ०.१. आवाज पूर्ण वाढवला तरी सेट हलत नाही. फक्त डाव्या दाराचा स्पीकर अधनंमधनं खरखरतोय.

ऑटोनगरवाला, बेळगाव: दार उघडझाप करत ऐका. आवाज बदलला तर बिजागरीपाशी वायर तुटत आलीय. तिथलं रबर सरकवून बघा.