क्लासच्या मॅडमनी लेकराला "जाड" म्हणावं का?

लातूरची_माय: माझी लेक १५ वर्षांची, सात वर्षं झाली भरतनाट्यम शिकायली. पुढच्या महिन्यात ग्रुपचा कार्यक्रम आहे, तर मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या पोट आत घे नाहीतर मागच्या लाइनीत उभी राहशील. तेव्हापासून हिचं रोजचंच, भूक नाही, मैत्रिणीकडं खाल्लं. परवा घुंगराची पिशवी धुवायला काढली तर तळाशी पेपरात गुंडाळलेले पोळीचे तुकडे, वाळून पापडासारखे झालेले. पाळी पण तीन महिने झाले नाही. मॅडमचं चुकलं का मीच उगं मनाला लावून घ्यायले?

तोडा_तुकडा: ताई राग मानू नका पण मी दहा वर्षं कथक केलंय, एकेका पायात शंभर घुंगरू बांधून चकरा मारायच्या तर वजन गुडघ्यावरच येतं की. गुरू नाही बोलणार तर कोण बोलणार? अभिनयदर्पण या नाचाच्या जुन्या संस्कृत ग्रंथात पण नर्तकी तन्वी म्हणजे सडपातळ असावी असंच आहे. आन तुमच्या लातुरात नीटसाठी लेकरं बारा-बारा तास बसवतेत, तिथं कुणी विचारत नाही मन दुखलं का म्हणून.

काळी_माती: अर्धाच श्लोक पाठ केला का दादा? त्याच ग्रंथात नाचाला वर्ज्य अशा दहा जणी सांगितल्यात, त्यात अतिस्थूल आहे आणि तिला लागूनच अतिकृश पण आहे. ते कुठल्याच क्लासात सांगत नाहीत 😀 आणि संभाजीनगरला विद्यापीठाच्या मागं लेण्या आहेत तिथं ७ नंबरच्या लेणीत वाजवणाऱ्या बायकांच्या मधी एक जण नाचायलीय, तिच्या मांड्या बघून या एकदा.

नाईट_ड्युटी_सिस्टर: भांडणं नंतर करा. ताई, तीन महिने पाळी नाही म्हणजे आधी डॉक्टर, मॅडमचं मग बघू. मेहनत जास्त आणि खाणं कमी झालं की शरीर पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होतात, नाचणाऱ्या पोरींच्या पायाच्या हाडाला बारीक चीर जाते आणि आपण मुरगळलं म्हणून तेल चोळत बसतो. ऑलिम्पिक समितीनं २०१४ ला याला रेड-एस असं नाव दिलं, पोरांनाही होतं, आणि वजन चारचौघांसारखं असलं तरी होतं. जेवण झाल्या झाल्या बाथरूममधे जाते का तेवढं बघा, सारख्या उलट्या काढल्या की दात झिजतात. ताटावर पहारा मात्र देऊ नका. १४४१६ टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारनं काढलेल्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सुपारी_घेणारा: लावणीत भरल्या अंगाची बाई नऊवारीत शोभायची, लोकं त्यासाठीच यायचे. आता सुपारी द्यायच्या आधी आयोजक रील मागतो आन म्हणतो बारीक पोरी पाठवा.

तोडा_तुकडा: सिस्टरचं वाचून एक आठवलं. आमच्या बॅचची एक जण तालमीत धाडकन पडली होती, उपाशी होती, आम्ही साखरपाणी पाजून तिला परत उभी केली आणि पुढचा तोडा, म्हणजे नाचाचा पुढचा तुकडा घेतला. कुणालाच काही वाटलं नव्हतं तेव्हा, मलापण नाही. तरीबी शिक्षकानं वजनाचं नावच काढू नये हे मला पटत नाही, चारचौघांत नको, बाजूला घेऊन बोला.

काळी_माती: बाजूला घेऊन काय, अजून हळू आवाजात जाड म्हणायचं? दम लागायला तर दमाचं बोला, पाय उशिरा पडायला तर पायाचं बोला. पोटाचा काय संबंध?

लातूरची_माय: सोमवारचा नंबर लावलाय डॉक्टरचा. आज पिठलं केलं होतं, अर्धी भाकर खाल्ली, मी बघायले हे कळलं आन ताट सारून उठली. सिस्टर, तुमचा मेसेज मी त्यानंतर वाचला.