मदत हवी आहे: 'कंपोस्टेबल' लिहिलेलं पॅकेजिंग घरच्या खतात कुजत नाही, त्याचं करायचं काय?

नमस्कार मंडळी,

घरी कंपोस्टचा ड्रम आहे. ओला कचरा त्यात छान जिरतो, वास नाही, माश्या नाहीत. अडचण येते ती सामान ज्यात बांधून येतं त्या पसाऱ्याची. खोके, पाऊच, बबलचे लिफाफे, पारदर्शक डबे. कुजणारं असेल ते ड्रममध्ये, पुन्हा कच्चा माल म्हणून वापरता येईल ते धुऊन-वाळवून वेगळं, आणि जिथे दोन्ही जमत नाही ते शक्य तितकं कमी, असं मी ठरवलं आहे. पण वस्तू हातात घेतली की दर वेळी अडतं.

सगळ्यात जास्त डोक्याला ताप दिलाय तो एका पारदर्शक पेल्याने. तळाशी हिरव्या पानाचं चित्र आणि 'कंपोस्टेबल' असा शब्द. परवा खत चाळताना तो चाळणीवर आला. आजूबाजूचं सगळं काळंभोर, भुसभुशीत, आणि पेला अख्खा! कडा जरा दुधी झाल्या आहेत, पण पान आणि अक्षरं अजून स्वच्छ वाचता येतात. त्याच थरातला खोक्याचा तुकडा मात्र बोटांनी दाबला तर नुसता विरघळत होता, आणि त्याच्या मधल्या नागमोडी थरात पांढऱ्या बुरशीचे तंतू पसरले होते.

आता हा पेला परत ड्रममध्ये टाकू, की प्लॅस्टिकबरोबर देऊ? पुठ्ठा इतका छान कुजत असेल तर सगळेच खोके खतात घालावेत का? वरून कागद आणि आतून गुळगुळीत असे डबे कशात मोजायचे? आणि प्लॅस्टिकवरच्या त्रिकोणातल्या आकड्यावर कितपत विसंबावं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं. 'सगळं सुक्या कचऱ्यात टाका' हे उत्तर नको आहे, ते मलाही माहीत आहे.

— मातीचाड्रम

प्रतिसाद: खतवाट

ताई, पेला बहुधा पीएलएचा असणार. वनस्पतींमधल्या साखरेपासून तयार होणारं हे प्लॅस्टिक आहे, त्यामुळे पानाचं चित्र अगदीच खोटं नाही. पण त्याच्या लांब साखळ्या तुटायला ओलावा आणि ५५ ते ६० अंश सेल्सिअसची सलग उष्णता लागते. साखळ्या तुटून बारीक झाल्या की मगच जिवाणू त्यांना हात घालतात. खताच्या मोठ्या प्रकल्पात ढीगच एवढा असतो की आतली ऊब आतच राहते. घरच्या ड्रममध्ये ती बाजूंनी निघून जाते. तुमच्या ड्रममध्ये काही बिघडलं आहे, हे आधी मनातून काढून टाका.

'कंपोस्टेबल' हा शब्द ज्या मानकांवर उभा आहे, ती युरोपची ईएन १३४३२ आणि अमेरिकेची एएसटीएम डी६४०० ही मोठ्या प्रकल्पांच्याच हिशेबाने लिहिलेली आहेत. ईएन १३४३२ नुसार १२ आठवड्यांनी माल २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळला तर मूळ वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त तुकडे वर राहता कामा नयेत, आणि ६ महिन्यांच्या आत किमान ९० टक्के जैविक विघटन व्हायला हवं. घरच्या खतासाठी वेगळी मानकं आहेत: ऑस्ट्रेलियाचं एएस ५८१०, फ्रान्सचं एनएफ टी५१-८००. म्हणून वेष्टनावर 'होम कंपोस्टेबल' असं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि सोबत मानकाचा उल्लेख असेल तरच ड्रममध्ये टाका. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' लिहिलं असेल तर मी तरी विश्वास ठेवत नाही, कारण किती दिवसांत आणि कुठल्या परिस्थितीत हे तो शब्द सांगतच नाही. 'ऑक्सो' जातीच्या पिशव्या, म्हणजे लवकर तुकडे व्हावेत म्हणून रसायन मिसळलेलं प्लॅस्टिक, तर त्याहून वाईट. त्यांचा चुरा होतो आणि तो मातीत राहतो. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशातून त्यांच्यावर बंदी आणली, ती २०२१ पासून लागू झाली.

पेला पारदर्शक बाटल्यांच्या ढिगात मात्र कृपा करून टाकू नका. बाटल्यांचं प्लॅस्टिक, म्हणजे पीईटी, २५० अंशांच्या आसपास वितळतं, पीएलए १८० च्या आतच. दोन्ही एकत्र गेलं तर चांगल्या मालाची प्रत घसरते. तुमच्या भागात औद्योगिक कंपोस्टची सोय असेल आणि ते पीएलए स्वीकारत असतील तर तिथे द्या. नसेल तर तो उरलेल्या कचऱ्यातच जाणार. वाईट वाटतं, पण खरं हेच आहे.

आता खोके. इथे माझं मत जरा वेगळं आहे. कोरडा, स्वच्छ पुठ्ठा आधी पुनर्चक्रणाला जायला हवा. कागदाचा तंतू साधारण ५ ते ७ वेळा पुन्हा वापरता येतो, दर फेरीत तो आखूड होत जातो. पहिल्याच फेरीत त्याला खतात घालणं म्हणजे उभं झाड लाकूडफाट्यात घालण्यासारखं. जो पुठ्ठा भिजलाय, तेलकट झालाय, तो कागद कारखान्याला नकोच असतो. तो तुमच्या ड्रमचा. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, पुठ्ठ्यात जवळजवळ नुसता कार्बन, आणि ढिगाला हवा असतो १ भाग नायट्रोजनला २५ ते ३० भाग कार्बन. त्यामुळे ड्रम चिकचिकीत वाटला की पुठ्ठा, सुका पडला की ओला कचरा, इतकं साधं धोरण पुरतं. तुकडे तळहाताहून लहान करा आणि आधी पाण्यात भिजवा. चिकटपट्टी, लेबलं, पिना आधी काढायच्याच. चकचकीत रंगीत छपाईचा पुठ्ठा खतात नको.

पावत्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. नखाने ओरखडा काढल्यावर काळी रेघ उमटते तो उष्णतेवर छापला जाणारा कागद. त्यावर बहुतेकदा बीपीए किंवा बीपीएस नावाचं रसायन असतं. तो खतातही नको आणि रद्दीतही नको.

प्रतिसाद: सुकाकोपरा

वरच्या प्रतिसादाला +१. मी सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणात काम करते, म्हणून आकड्यांबद्दल सांगते.

त्रिकोणातला आकडा राळेचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, प्रकार दाखवतो, एवढंच. अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने १९८८ मध्ये ही पद्धत आणली. त्या बाणांमुळे लोकांना वाटतं की आकडा आहे म्हणजे पुनर्चक्रण होणारच. २०१३ मध्ये मानकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण आला, पण जुने साचे अजून चालू आहेत. १ म्हणजे पीईटी, २ एचडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन. या तिघांना सहसा गिऱ्हाईक मिळतं. ३ पीव्हीसी, ६ पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे 'इतर', आणि पीएलएही त्या ७ मध्येच कोंबलेलं असतं. ४ म्हणजे पातळ पिशव्यांचं एलडीपीई. स्वच्छ आणि कोरडं असेल तर काही ठिकाणी घेतात.

आकडा पुसला गेला असेल तर छोटा तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडा. एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर येतं. पीईटी, पीव्हीसी, पीएलए तळाशी जातं. तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटू देऊ नका, नाहीतर फसगत होते.

काळं प्लॅस्टिक शक्यतो घेऊच नका. बऱ्याच यंत्रांमध्ये प्लॅस्टिक अवरक्त किरणांनी ओळखतात, आणि काळ्या रंगातला कार्बन ते किरण गिळून टाकतो. डबा चांगल्या जातीचा असला तरी पट्ट्यावरून तसाच पुढे निघून जातो.

चकचकीत पाऊच मुठीत चुरगळून सोडा. परत फुलला तर ते धातूचा मुलामा दिलेलं प्लॅस्टिक, चुरगळलेलाच राहिला तर बहुधा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा (फॉइल). पत्रा साफ करून नक्की द्या. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवताना खनिजापासून नवीन बनवण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. मात्र सुटे बारीक तुकडे चाळणीतून गळून जातात, त्यांचा मोठा गोळा करा.

मातीचाड्रम

दोघांचेही मनापासून आभार. अशी उत्तरं मिळाली की धीर येतो.

गुळगुळीत डब्याचा एक तुकडा कोमट पाण्यात टाकून ठेवला होता. थोड्या वेळाने कागद लगदा होऊन सुटला आणि हातात सायीसारखा पातळ पारदर्शक पापुद्रा राहिला, म्हणजे प्लॅस्टिकचं अस्तर. असे डबे ड्रममध्ये जाणार नाहीत. खोकी आता चपटी करून कोरड्या जागी ठेवते आहे, फक्त ओलसर झालेली ड्रमला.

दोन शंका उरल्या. बाहेरून कागद आणि आतून बबल असलेले लिफाफे? आणि लगद्यापासून बनवलेल्या वाट्या, ज्यांत तेल झिरपत नाही, त्या कुजतील का?

प्रतिसाद: खतवाट

लिफाफा कडेने कापून दोन थर ओढून पाहा. सुटले तर कागद रद्दीत, बबल प्लॅस्टिकमध्ये. नाही सुटले तर तो दोन्हीकडे निरुपयोगी, म्हणून जपून उघडा आणि काही पाठवायला पुन्हा वापरा. वर नवीन पत्ता चिकटवला की झालं.

लगद्याच्या वाट्या कुजतात, पण तेल-पाणी अडवायला त्यांपैकी काहींमध्ये पीएफएएस गटातली रसायनं घातलेली असतात. ती मोडत नाहीत, खतातून मातीत उतरतात. वेष्टनावर 'पीएफएएस-मुक्त' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर निदान ज्या खतावर खाण्याच्या गोष्टी पिकवता त्यात तरी त्या घालू नका.