एकदा ट्रिगर, दोन बार!

मंडळी, ह्यूस्टनला नेमबाजीच्या रेंजवर माझं सेकंडहँड '१९११' मॉडेलचं पिस्तूल चालवत होतो. ट्रिगर एकदाच दाबला, गोळ्या दोन सुटल्या! रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) सोडली की हॅमर (मागचा घोडा) आपोआप अर्ध्यावर घसरतो. साफसफाईने भागेल का?

उत्तर १: नाही हो. आधी मॅगझिन काढा, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. आता त्यात गोळी भरूच नका. सिअर (ताणलेला हॅमर अडवून धरणारा खटका) आणि हॅमरच्या खाचेची पकड झिजलेली दिसतेय. ट्रिगर हलका करायला आधीच्या मालकाने कानस फिरवली असणार, हौशी लोकांची जुनी खोड!

उत्तर २: सिअर स्प्रिंग ढिली असेल, डिस्कनेक्टरही (एका दाबात एकच गोळी सुटू देणारा भाग) बघायला सांगा. घरी घासाघीस नको, बंदुका दुरुस्त करणारा गनस्मिथच गाठा.

प्रश्नकर्ता: दाखवलं. सिअरची धार गोल झालीय म्हणे. हॅमर-सिअर दोन्ही बदलतोय.